आठव्या तासाची नळी

रविवारी संध्याकाळी पाच वाजता चष्मेवालीनं नायट्रोजनच्या खोलीचं दार उघडलं आणि पांढरं धुकं तिच्या पायांवरून कॉरिडॉरमध्ये ओसंडलं. धुक्यात, जमिनीवर, एक हात दिसला. निळा हातमोजा आणि मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ.

ते घड्याळ प्रयोगशाळेत सगळ्यांच्या ओळखीचं होतं. ते घालणारीला सगळे मिनिटवाली म्हणायचे. तिचं प्रत्येक काम मिनिटाला धरून चालायचं, म्हणून.

चष्मेवाली आत धावली नाही. त्या खोलीत गॅस भरला की दोन श्वासांत माणूस कोसळतो, हे तिला नोकरीच्या पहिल्याच दिवशी बजावलेलं होतं. तिनं दाराबाहेरची झडप बंद केली, कॉरिडॉरच्या खिडक्या सताड उघडल्या आणि ओरडत सुटली. मैत्रीण आत पडलीय आणि आपण खिडक्या उघडत बसलोय, याचा तिला स्वतःचाच संताप आला होता.

इन्स्पेक्टर बाई पोचल्या तेव्हा मिनिटवालीला बाहेर काढून कॉरिडॉरमध्ये ठेवलं होतं. पस्तिशीची बाई, अंग बर्फासारखं गार, चेहऱ्यावर काही नाही.

बाईंचं विज्ञान शाळेतच मागे राहिलं होतं, आणि त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. पण समोरचा माणूस घाबरलाय, दुःखी आहे की नुसता घाईत आहे, हे त्यांना बरोब्बर कळायचं. तीस वर्षं त्याच जोरावर निभावली होती.

"काका, थोडक्यात सांगा," त्या हवालदाराला म्हणाल्या. हवालदार त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे आणि थोडक्यात सांगण्याच्या बाबतीत अगदीच कच्चे.

"थोडक्यात म्हणजे अपघात, मॅडम. बाहेर अंगणात मोठी टाकी आहे. तिच्यातून नळी या खोलीत येते. इथे पेशी गोठवून ठेवतात म्हणे. नळीची झडप ही इथे, दाराबाहेर. झडप राहिली उघडी, खोलीत नायट्रोजन भरला, श्वासाची हवा गेली. त्याला वास नाही, रंग नाही. गेली बिचारी आत आणि खलास."

"भोंगा असेल ना?"

"आहे की. बंद केलेला. उगाच केकाटतो म्हणून सगळेच बंद करतात. चार जणांना विचारलं, चौघंही खाली बघायला लागले."

"आणि झडप?"

"कधीची उघडी होती देव जाणे. टाकी रिकामी होत आली होती, तोवर जोर नव्हता. दुपारी सव्वादोनला गॅसवाला आला, पावणेतीनला टाकी भरून गेला. भरली तसा सगळा गॅस आत. भरायच्या आधी त्यानं आत येऊन बघायचं असतं, झडप बंद आहे ना, खोलीत कोणी नाही ना. मग कागदावर खूण करायची. खूण केलीय पठ्ठ्यानं. बघितलं मात्र नाही."

"त्यानं कबूल केलं?"

"विचारायच्या आधीच. बसलाय गाडीत, डोकं धरून."

वेळेबद्दल डॉक्टरांनी हात वर केले. एवढ्या गारठ्यात पडलेल्या देहावरून काय सांगणार? सकाळी दहा ते दुपारी चार, त्यापुढे ते एक मिनिट सरकायला तयार नव्हते.

वेळ सांगितली ती शीतकपाटानं. मिनिटवालीनं सकाळी सहाला सहा डिशमधल्या पेशींत फ्लूचा विषाणू सोडला होता. दर दोन तासांनी एक डिश काढायची, पेशी फोडायच्या, तो रस एका नळीत भरून गोठवायचा. शीतकपाटात चार नळ्या होत्या. छापील लेबलं: दोन तास, चार तास, सहा तास, आठ तास. दारावरच्या तक्त्यात वेळा लिहिलेल्या: आठ वाजून तीन, दहा वाजून दोन, बारा, दोन. पुढे नोंद नाही. उबवणीच्या कपाटात दोन डिश तशाच उरलेल्या.

"म्हणजे दोनला जिवंत होती," हवालदार म्हणाले, "आणि चारला नव्हती. मध्ये गॅसवाला. संपलं की."

बाईंनी तक्त्याचा फोटो काढला. परत एकदा वाचला. काहीतरी टोचत होतं, पण काय ते कळेना.

*

सोमवारी सकाळी चौकीत गॅसवाला भिंतीशी बसला होता. पन्नाशीचा रुंद माणूस, पण रात्रीत अर्धा झाल्यासारखा. त्याची बायको बाकड्यावर बसून त्याला बोलत होती, आणि तिचं ते बोलणं रडण्यापेक्षा वाईट होतं.

"आत डोकावायला काय होत होतं तुम्हाला? दोन पावलं. दोन पावलांचा आळस केलात. आता तिच्या घरच्यांना तोंड कसं दाखवायचं आपण?"

"बाई, लिहून घ्या," गॅसवाला म्हणाला. "माझ्याच हातून गेली ती."

"आधी विचारते त्याचं उत्तर द्या. आत का गेला नाहीत?"

"रविवार होता. आत कोणी नसतं. पंधरा वर्षांत कधी नव्हतं."

"टाकी भरताना काही वेगळं वाटलं? आवाज, वास?"

"नाही." तो थांबला. "टाकी फार रिकामी होती. दर आठवड्याला दोनशे लिटर घेते. काल साडेतीनशे लागले, म्हणून वेळ झाला. पावतीवर आहे."

"कशामुळे?"

"त्यांनी जास्त वापरला असेल. मला काय कळणार त्यातलं?"

"तुम्ही कधी भांडलात का तिच्याशी?"

"मी? तिच्याशी?" त्याचे डोळे भरून आले. "गेल्या महिन्यात माझं बोट पोळलं गारठ्यानं. तिनं पट्टी बांधून दिली. वर म्हणाली, दादा, चार मिनिटं दहा सेकंद लागली, माझं काम लांबलं तुमच्यामुळे. आणि हसली."

बुधवारी त्याला कोर्टापुढे उभं करायचं होतं. सदोष मनुष्यवध. जन्माची सात-आठ वर्षं आत, आणि ती तो एका शब्दाचा विरोध न करता भोगणार, हे बाईंना दिसत होतं. कबुली देणारा आरोपी म्हणजे पोलिसांची चैन. बाईंना मात्र त्या कबुलीनं चैन पडेना.

*

प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, खुर्चीतून उठून सामोरे आले. उंच, मऊ आवाजाचे. डोळे सुजलेले.

"माझ्या मुलीसारखी होती," ते म्हणाले.

"रविवारी तुम्ही इथे आला होतात?"

"पावणेदहाला. भाषणाची चित्रं घ्यायला. पावणेअकराला निघालो. फाटकावरच्या वहीत आहे. गाडीनं तीन तास, अडीचला भाषण. दोनशे लोक होते समोर."

"ती भेटली?"

"हो. कामात होती. दोन शब्द बोललो."

"कशाबद्दल?"

"कामाबद्दलच. तिला दुसरं जग नव्हतं."

"मला अडाणी बाईला सांगाल का, काम काय चालतं इथे?"

सरांचा चेहरा उजळला. दुःखातसुद्धा शिकवायचं म्हटलं की उजळणारी माणसं असतात. बाईंनी ती नोंद मनात केली.

"पेशीत निरोपांची साखळी असते. एक प्रथिन दुसऱ्याला खूण करतं, दुसरं तिसऱ्याला. बाहेर काय घडतंय ते अशा खुणांनी आतवर पोचतं. फ्लूचा विषाणू आत शिरला की या साखळ्यांत ढवळाढवळ करतो. 'शत्रू आलाय' हा निरोप दाबून टाकतो, म्हणजे शेजारच्या पेशी बेसावध राहतात. आणि एक दुसरा निरोप, जो त्याच्या सोयीचा, तो मोठ्यानं वाजवतो. त्याच्याशिवाय विषाणूची नवी जुळणी पेशीच्या केंद्रातून बाहेरच पडत नाही. घर पेशीचं, नोकर पेशीचे, हुकूम मात्र याचे."

"हा निरोप दिसतो कसा?"

"नळीतला रस तपासायचा. खूण लागलेलं प्रथिन फिल्मवर काळी पट्टी म्हणून उमटतं. निरोप जितका जोरात, पट्टी तितकी काळी."

"लगेच उमटते?"

"नाही. विषाणू चिकटतो तेव्हा क्षणभर, मग चार-पाच तास जवळजवळ शांतता. सहा तासांनी गलका. आठव्या तासाला पट्टी काळीकुट्ट. हे वेळापत्रक आम्हीच सिद्ध केलं. त्यानंतर दहा प्रयोगशाळांनी ताडून पाहिलं."

"आणि तुमचं औषध?"

"तोच निरोप बंद करतं. पुढच्या महिन्यात आजारी माणसांना देऊन बघणार आहोत."

निघताना सर म्हणाले, "एक विनंती. रविवारचा सगळा माल विषाणूचा आहे. सुरक्षा समितीचा प्रमुख या नात्यानं मी आदेश काढलाय, उद्या सकाळी आठला सगळं वाफेच्या भट्टीत. तुमचे फोटो झालेत ना?"

"फोटो झालेत," बाई म्हणाल्या.

*

चष्मेवाली स्वच्छतागृहाच्या पायरीवर बसली होती. चाळिशीची, चष्म्याच्या काचा रडून धूसर झालेल्या.

"तुम्ही कधी आलात रविवारी?"

"साडेतीनला. वाटलं ती जेवायला गेली असेल. चारची डिश काढायला आली नाही तेव्हा हबकले. ती मरायला टेकली तरी डिश चुकवणार नाही." आपण काय बोललो ते कळून तिनं तोंडावर हात घेतला.

"तिचा प्रयोग कसला होता?"

"सरांचाच. औषधाचा. तीन वेळा केला तिनं गुपचूप. रविवारी नुसत्या विषाणूचा होता, शेवटची खातरजमा."

"परत का करत होती?"

"मला नाही सांगितलं. इतकंच म्हणाली, आता थांबले तर माझीच झोप उडेल."

"तिच्या वह्या?"

"कप्प्यात. किल्ली माझ्याकडे देऊन ठेवलीय तिनं."

"देऊन ठेवलीय? मग त्या मला लागतील. आणि हे सांगा, त्या चार नळ्यांनी रोग पसरेल?"

चष्मेवालीनं चमकून पाहिलं. "नळ्यांनी? छे. पेशी ज्या द्रवात फोडतो त्यात विषाणूचा चुथडा होतो, वर उकळतो पण. आम्ही त्या नळ्या उघड्या टेबलावर हाताळतो. डिश धोक्याच्या, नळ्या नाहीत."

"सरांना हे ठाऊक असेल?"

"आम्हाला त्यांनीच शिकवलंय."

बाई पायरीवर तिच्याशेजारी बसल्या. खिशातून फोन काढून तक्त्याचा फोटो तिच्यापुढे धरला.

"तुम्ही तिच्यासोबत किती वर्षं काम केलंत?"

"सहा."

"हे बघा आणि काय वाटतं ते सांगा."

चष्मेवालीनं वाचलं. "आठ वाजून तीन. दहा वाजून दोन. बारा." ती थांबली. "दोन. असं नाही लिहायची ती. बरोब्बर बाराला नळी शीतकपाटात जाऊच शकत नाही. बाराला डिश काढली, तर आत ठेवेपर्यंत दोन-तीन मिनिटं होतातच. ती मिनिटं ती लिहायचीच, त्यावरून आम्ही तिला किती चिडवायचो."

"त्या नळ्या तपासायला किती वेळ?"

"उद्या दुपारपर्यंत."

"मग लागा कामाला. प्रत्येक नळीतलं अर्धं. उरलेलं आमच्या शिक्क्याखाली. हवालदार तुमच्याशेजारून हलणार नाहीत." त्या उठल्या. "काका, भट्टीचा आदेश गुंडाळून ठेवा. कोणी विचारलं तर सांगा, बाई अडाणी आहेत, त्यांना समजावता समजावता नाकी नऊ येतायत."

हवालदारांना हे सांगायला फार आवडलं. त्यांनी ते तीन जणांना सांगितलं.

*

मंगळवारी दुपारी बाईंनी सरांच्याच टेबलावर फिल्म ठेवली. चष्मेवाली दारापाशी उभी होती, हवालदार दाराबाहेर.

"ही काय?" सर म्हणाले. ओठ मात्र तेवढ्यातच सुकले होते.

"रविवारच्या चार नळ्या. दोन तास, चार, सहा, आठ. तुम्हीच मला वाचायला शिकवलंत, म्हणून तुम्हालाच दाखवते. सहाव्या तासाला गलका म्हणालात. आठव्याला काळीकुट्ट. इथे चार, सहा आणि आठ, तिन्ही सारख्याच फिक्या. विषाणूची स्वतःची प्रथिनंही तिन्हींत तितकीच. वेळ चौथ्या तासावर अडकून बसलीय."

"प्रयोग बिघडतात. विषाणू कमजोर असेल."

"उरलेल्या दोन डिश मी बघायला लावल्या. त्यांतल्या पेशी विषाणूनं पार खाऊन टाकल्यात. कमजोर नव्हता. आणि पहिल्या दोन नळ्या तिच्या आधीच्या प्रयोगांशी तंतोतंत जुळतात. म्हणजे दहा वाजेपर्यंत सगळं ठीक. बिघडलं ते दहानंतर."

"दोनच शक्यता आहेत, सर. एक तर तुमचं वेळापत्रक खोटं, जे दहा प्रयोगशाळांनी ताडलंय. नाहीतर ही लेबलं खोटी. सहाव्या आणि आठव्या तासाच्या डिश एकदमच काढल्या गेल्या, साडेदहाच्या आसपास. पेशी फोडल्या, नळ्या भरल्या, लेबलं छापली, तक्त्यात गोल आकडे टाकले. बारा आणि दोन. हे मिनिटवालीनं कशाला करावं? ती जिवंत असती तर बाराची डिश बाराला काढली असती. दुसऱ्या कोणीतरी केलं, ज्याला ती दोनपर्यंत जिवंत दिसायला हवी होती. ज्याला डिश काढता येते आणि ज्याला बाराला इथे थांबता येत नव्हतं. फाटकावरच्या वहीप्रमाणे साडेदहाला इमारतीत तुम्ही दोघंच होतात."

"तुम्हाला एका फिल्मवरून…"

"नुसत्या फिल्मवरून नाही. टाकीत साडेतीनशे लिटर भरावे लागले. नेहमी दोनशे लागतात. जास्तीचे दीडशे कुठे गेले? गॅसवाला यायच्या आधीच खोलीत गेले. म्हणजे झडप सकाळपासून उघडी होती. त्यानं टाकी भरली नसती तरी ती मेलेलीच होती." बाईंचा आवाज चढला. "आणि ज्या नळ्यांनी मुंगीही मरत नाही, त्या भट्टीत घालायची घाई फक्त तुम्हाला होती. लेबलांचे फोटो निघाले, आता आतला रस जळला की लेबलांना खोटं कोण ठरवणार? पोलीस लेबल वाचतील, नळी उघडून बघणार नाहीत, असं तुम्ही धरून चाललात. खरंय म्हणा. मी लेबलच वाचलं होतं."

बाईंनी मिनिटवालीची वही उघडून समोर सरकवली. तीन पानांवर तेच वाक्य, बारीक नेटक्या अक्षरात: औषध देऊनही आठव्या तासाची पट्टी तशीच काळी.

"तुमचं औषध तो निरोप बंद करत नाही. कधीच करत नव्हतं. तिनं रविवारी हे तुम्हाला तोंडावर सांगितलं. हो ना?"

सरांनी वही मिटली. मग त्यांचा मऊ आवाज निघाला.

"सोमवारी सगळ्यांना कळवते म्हणाली. माणसांना देण्याआधी. मी म्हटलं, एक महिना थांब, मी दुरुस्त करतो. ती म्हणाली, एका महिन्यात किती जणांना द्याल?"

"मग?"

"मी म्हटलं, आपण जुन्या पेशींवर परत बघू. त्या काढून आण." त्यांनी डोळे मिटले. "ती लगेच गेली. माझ्यावर विश्वास होता तिचा."

"तुम्ही बाहेरून कडी लावलीत आणि झडप उघडलीत. कडी काढलीत ती सगळं शांत झाल्यावरच."

"तिनं दार वाजवलं," सर म्हणाले. "फार नाही. थोडंसंच."

"आणि तुम्ही ऐकत उभे राहिलात!" चष्मेवाली किंचाळली. हवालदारांनी तिला धरलं नसतं तर ती टेबलावरून त्यांच्या अंगावर गेली असती.

*

गॅसवाल्याला सोडायचे कागद बाईंनी स्वतः नेले. तो त्याच भिंतीशी बसला होता. बायको बाकड्यावर, आज गप्प, बोलून बोलून थकलेली.

"उठा. घरी जा. तुमचा काही संबंध नाही यात."

तो उठला नाही. बाईंनी खाली बसून सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत. त्यानं ऐकलं. मग तीन दिवस जो प्रश्न त्याला खात होता, तो एकदाचा बाहेर आला.

"बाई, खरं सांगा. मी सव्वादोनला आत गेलो असतो, तर वाचली असती?"

"नाही. तोवर जवळजवळ चार तास होऊन गेले होते."

"माझी शपथ?"

"तुमची शपथ. वाचली नसती. आणि दार उघडून तुम्ही तिला उचलायला वाकला असतात, तर तुम्हीही तिथेच पडला असतात. खोली गॅसनं भरलेली होती."

गॅसवाल्यानं तोंड ओंजळीत घातलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडला.

बायको बाकड्यावरून उठली. दोन पावलांच्या आळसावरून तिनं त्याला तीन दिवस सोलून काढलं होतं. ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली, दोन्ही हातांनी त्याचा दंड घट्ट धरला आणि काहीच बोलली नाही. हवालदार पाणी घेऊन आले तरी तिनं हात सोडले नाहीत.